तान्ह्या मुलांना घेऊन डोंगर चढताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्हाला तीन वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा आहे. जानेवारीत अलिबागला मुक्काम करून कनकेश्वर चढण्याचा विचार आहे. टेकडी फार उंच नाही, पायऱ्याही बांधलेल्या आहेत. तेव्हा नाश्ता आटोपून दहाच्या सुमारास निघालो तरी चालेल, असे यजमानांचे म्हणणे आहे. सासूबाईंना मात्र हा बेत मुळीच पसंत नाही. आपले मत कळवावे. (एक वाचक, पनवेल)

उत्तर : बेत उत्तम आहे, फक्त वेळ बदलावी लागेल. कनकेश्वरची उंची सुमारे १२०० फूट आहे आणि मापगावातून वर जाणारी, आंग्रेकाळात बांधलेली पायऱ्यांची वाट धडधाकट माणसाला तासाभराची आहे. वर गेल्यावर गारवा लागेल ही अपेक्षा मात्र कोकणात फारशी पुरी होत नाही. शंभर मीटर चढल्यावर तापमान अर्धा-पाऊण अंशच उतरते, म्हणजे कनकेश्वरच्या माथ्यावर पायथ्यापेक्षा जेमतेम दोन-अडीच अंशांचा फरक पडतो. शिवाय समुद्राकाठच्या हवेत ओलावा इतका असतो की घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग निवत नाही. मोठ्या माणसाला याचा नुसता त्रास होतो. तान्ह्या मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ त्याच्या वजनाच्या मानाने जास्त असल्यामुळे ते बाहेरची उष्णता लवकर घेते, आणि वर ते बापाच्या घामेजलेल्या छातीला बांधलेले असते. जानेवारीतही दहा ते चार हा वेळ आपला नाही, असेच धरून चालावे.

म्हणून उजाडता उजाडता, सातच्या आत पहिल्या पायरीवर पाय ठेवावा आणि साडेदहापर्यंत खाली गाडीपाशी यावे. परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून ठेवावी, माझ्या मते नऊ. नऊ वाजता देऊळ समोर दिसत असले तरी मुले कंटाळली असतील, तर वळावे. देव कुठे जात नाही, आणि अर्ध्या वाटेवरची ‘देवाची पायरी’ पाहून आलेली तीन वर्षांची मुलगी घरी सर्वांना आपण डोंगर चढलो असेच सांगणार आहे.

तिच्याबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्यावी. आपल्याला जी पायरी घोट्याच्या थोडी वर येते ती तिच्या गुडघ्यापर्यंत असते. चढताना ती हात टेकून, मध्येच मुंग्यांची रांग पाहत, मजेत चढेल. खरी कसोटी उतरताना लागते. मोठ्या माणसाने तिच्या एक पायरी खाली, तिच्याकडे अर्धे वळून चालावे, म्हणजे तोल गेला तरी ती आपल्या अंगावर येते. पाय घसरला म्हणून मनगटाला धरून वर हिसका देणे, हे आपण सगळेच नकळत करतो. पाच वर्षांखालील मुलांचे कोपर अशाच हिसक्याने निखळते. धरायचेच असेल तर काखेत धरावे.

बाळाला अंगावरचे दूध नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजावे आणि आता ते सहा महिन्यांच्या पुढे गेले असल्याने मधूनमधून चमचा-चमचा पाणीही द्यावे. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचे पाणी द्यायचे नसते. चार-पाच तास लंगोट कोरडा राहिला, तोंड सुकले, टाळू खोल गेली किंवा रडताना डोळ्यांतून पाणी आले नाही, तर पुढचा विचार न करता खाली उतरून डॉक्टरांकडे जावे. मुलीच्या खिशात चालताना चिक्की, शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. त्यापेक्षा केळे बरे. वर्षाच्या आतील बाळाला शक्तीसाठी म्हणून मध चाटवण्याची पद्धत आहे, तीही टाळावी.

सासूबाईंचा आक्षेप उन्हाबद्दल असेल तर त्यांचे बरोबर आहे. दृष्ट लागण्याबद्दल असेल तर तीट लावून निघावे, त्याने कोणाचेच नुकसान नाही.

प्रश्न : बाळाला पाठीवर घेण्याची सांगाड्याची पिशवी विकत घ्यावी, की सुती साडीची झोळी बांधावी? झोळीने पाय वाकडे होतात असे ऐकले. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नीट बांधलेल्या झोळीने पाय वाकडे होत नाहीत. बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर आणि मांड्या फाकलेल्या राहिल्या, म्हणजे आई कडेवर घेते तशी बैठक झाली, की कंबरेच्या सांध्याला ती सोयीचीच असते. पाय सरळ लोंबकळत ठेवणारी किंवा दोन्ही पाय घट्ट एकत्र बांधणारी पद्धत मात्र नको. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाळाचा चेहरा आपल्याला सतत दिसला पाहिजे आणि त्याची हनुवटी छातीवर टेकता कामा नये. मान तशी दुमडली की लहान बाळाचा श्वास कोंडतो, आणि ते रडून सांगूही शकत नाही.

सांगाड्याची पिशवी बाळ आधाराशिवाय बसू लागल्यावरच वापरावी, साधारण सहा महिन्यांनंतर. तिचा मोठा फायदा म्हणजे आपल्या पाठीत आणि बाळात हवा खेळते, आणि कोकणात हा फायदा लहान नाही. मात्र वजनाचा हिशेब आधी करावा : वर्षाचे बाळ ९ ते १० किलो, पिशवी सुमारे ३ किलो, पाणी आणि कपडे आणखी २-३ किलो, म्हणजे १५ किलो पाठीवर घेऊन जांभ्याच्या पायऱ्या उतरायच्या. आधी आठवडाभर घराच्या जिन्यावर सराव करावा. या पिशवीत बाळाचे डोके आपल्या डोक्याच्या वर असते, हेही चालता चालता विसरले जाते. माझी मुलगी वर्षाची असताना करवंदीच्या जाळीखालून मी स्वतःपुरता वाकलो आणि पुढे गेलो. तिच्या कपाळावर उठलेला ओरखडा आठ दिवस घरातल्या सगळ्यांना दिसत होता, आणि मला सगळ्यांत जास्त. बाळ आत असताना पिशवी उतारावर किंवा कातळावर टेकवून हात सोडू नये, ती कलंडते.

प्रश्न : बाळ साडेतीन महिन्यांचे आहे. रोपवेने रायगडावर नेता येईल का? (एक वाचक, महाड)

उत्तर : बाळ निरोगी असेल आणि डॉक्टरांची संमती असेल तर नेता येईल. रायगडाची उंची तीन हजार फुटांच्या आतच आहे, त्यामुळे विरळ हवेचा प्रश्न येत नाही. पाळणा वर जाताना कानाला दडे बसू नयेत म्हणून बाळाला पाजत न्यावे. अडचण माथ्यावर आहे. होळीचा माळ, बाजारपेठ आणि जगदीश्वराकडे जाणारी वाट, सगळीकडे उघडे ऊन असते. या वयात उन्हाचे मलम लावायचे नसते, म्हणून पातळ सुती कपड्याने अंग झाकावे, छत्री धरावी आणि सकाळचा पहिला पाळणा गाठावा. पाजण्याची जागा वर जाण्यापूर्वीच ठरवावी. हिरकणीच्या नावाचे कक्ष एस.टी.च्या स्थानकांत असतात, गडावर तिच्या नावाचा बुरूज आहे.

प्रश्न : जुलैत धबधब्याखाली दोन वर्षांच्या मुलाला न्यावे का? (एक वाचक, खेड)

उत्तर : नाही. वरच्या डोंगरात पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली येतो, आणि शेवाळलेल्या कातळावर मूल हातात घेतलेल्या माणसाला सावरायला हात उरत नाही.

प्रश्न : विंचू-सापांची भीती वाटते. बरोबर काय ठेवावे? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : भीती अनाठायी नाही. जांभ्याच्या सैल दगडांखाली लाल विंचू आणि फुरसे दोन्ही असतात, आणि दगड उचलून पाहणे हा तर लहान मुलांचा आवडता उद्योग आहे. तेवढा एक उद्योग कडकपणे बंद करावा. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेवर पोहोचलेली मुले वाचतात. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मुलाला चालू न देता उचलून न्यावे आणि १०८ ला फोन करावा.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. तो गोचिडीमुळे पसरतो, म्हणून हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत तिकडच्या जंगलात पाचोळ्यावर मुलांना बसवू नये आणि घरी येताच काखा, मान, कानांमागची जागा तपासावी.

बरोबर ठेवायच्या वस्तूंत रुंद चिकटपट्टी अवश्य असू द्यावी. या दिवसांत वाटेकडेला खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि त्यांची तपकिरी कुसे लागली की मूल अंग ओरबाडू लागते. चोळल्याने ती आणखी रुततात. पट्टी हलकेच चिकटवून ओढावी, दोन-तीनदा नवी पट्टी घेऊन तसेच करावे, मग पाण्याने धुऊन कपडे बदलावेत.