हक्कसोडपत्र करून देऊ का, काकू?

"काकू, मी भावाला हक्कसोडपत्र करून देते. आईच्या खात्यावरून नाव काढते. फोनपण थोडे दिवस बंद ठेवते."

समोर बसलेली इंजिनियर एका दमात बोलून गेली. चाळिशीच्या आतली, माहेर साताऱ्याकडचं, अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन सहा वर्षं झालेली. इथे व्हर्जिनियात संरक्षण खात्याची कंत्राटं घेणाऱ्या कंपनीत नोकरी ठरली होती, पण सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त सरकारी माहिती हाताळायची परवानगी, मिळालं तरच. त्यासाठीचा फॉर्म, एसएफ-८६, उघडल्यापासून तिची झोप उडाली होती. परदेशात नातेवाईक कोण? त्यांच्यापैकी कुणी तिथल्या सरकारी नोकरीत? खातं, जमीन आहे? कुणाला पैसे पाठवता? सगळ्याला तिचं उत्तर 'हो'. भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. वडील गेल्यावर वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर हिचंही नाव. आईबरोबर जोडखातं, आणि औषधपाण्याला दरमहा पैसे.

"भाऊ म्हणजे परक्या सरकारचा माणूस झाला ना?"

झालाच की! लिहायचंच ते. पण पाचवीला गणित शिकवणारे गुरुजी आणि गुप्तचर खात्यातला अधिकारी यांतला फरक तपासणाऱ्यांनाही कळतो.

मी वकील नाही, हे तिला आधीच सांगितलं. पण अशी बरीच घरं पाहिल्यामुळे एवढं माहीत आहे, की २०१७ पासून लागू असलेल्या क्लिअरन्सच्या नियमावलीत १३ निकष आहेत आणि त्यातला एक परकीय प्रभावाचा. आईवर माया आहे का, हे तो विचारत नाही. त्या मायेचा धागा ओढून कुणी तुम्हाला नाचवू शकेल का, हे बघतो. म्हणून देश कोणता, नातेवाईक काय करतात, तिकडची मालमत्ता इथल्या मानाने किती, हे सगळं बघतात. दोन एकर जिरायत एका बाजूला. इथलं घर, पगार, निवृत्तीची पुंजी दुसऱ्या बाजूला. तिने कागदावर मांडून पाहिलं आणि पहिल्यांदा जरा हसली.

खात्री मात्र मी दिली नाही. शंका उरली तर निर्णय देशाच्या सुरक्षेच्या बाजूने, म्हणजे अर्जदाराच्या विरुद्ध द्यायचा, हेही त्याच नियमावलीत आहे.

हक्कसोडीची घाई मला मुळीच पटली नाही. परदेशात जमीन 'कधीही' होती का, पुढे मिळण्याची शक्यता आहे का, असंही फॉर्म विचारतो. म्हणजे हक्क सोडूनही लिहावं लागणारच, वर भावाशी वितुष्ट. (आमच्याकडे बहिणीने हक्क सोडला काय, मागितला काय, भाऊबीजेला त्याचा विषय निघतोच.)

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सुटली. जोडखातं फॉर्ममध्ये 'राहूनच गेलं' तर चालेल का, असं तिने हळूच विचारलं. परदेशातल्या खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म, भरावा लागतो. तिची शिल्लक दोन वर्षं त्या वर गेली होती, आणि एफबार भरलेला नव्हता. रात्रीची झोप उडवत होती ती आई नव्हे, भाऊ नव्हे, तर हे खातं. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा इथे पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. खातं असणं हा नाही. फॉर्म पाठवण्याआधी तिला सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखे इथले हिशेबनीस) आणि या कामातल्या वकिलाकडे धाडलं. राहिलेले एफबार आधी भरले, मग फॉर्ममध्ये सगळं लिहिलं.

फोन तिने बंद केला नाही. उलट त्या आठवड्यात रोज करावा लागला, कारण नातेवाइकांच्या जन्मतारखा, जन्मगावं सगळं हवं होतं.

"आई, तुझी खरी जन्मतारीख काय गं?"

"शाळेत गुरुजींनी एक जून लावली. खरी कुणाला ठाऊक? शाळू काढायच्या टायमाला झाले म्हणतात."

फॉर्ममध्ये तारखेशेजारी 'अंदाजे' म्हणून एक छोटा चौकोन आहे. तिने तिथे खूण केली.