एमआरआयला माझं भविष्य कळलंय का?

“एमआरआयमध्ये सगळं दिसलंय. किती दिवस उरलेत तेही त्यांना कळलंय, फक्त सांगत नाहीत.” गुदाशयाच्या कॅन्सरचे रुग्ण हे माझ्यासमोर इतक्या वेळा बोललेत की एका काकांविषयी लिहायचं ठरवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका जमिनीचे मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या दोन भेटींत बोलल्या त्या काकूच. तिसऱ्या वेळी काकांनी घड्या पडून मऊ झालेला रिपोर्ट पुढे ठेवला. ‘सीआरएम थ्रेटन्ड’ या शब्दांखाली लाल रेघ.

“थ्रेटन्ड म्हणजे धोक्यात. मी धोक्यात आहे, असंच ना?”

मी त्यांना दोन वाक्यं लिहायला सांगितली. रिपोर्ट काय म्हणतो, आणि त्याला तुम्ही काय जोडलंत. घटनेपेक्षा तिला आपण दिलेला अर्थ माणसाला जास्त खचवतो, ही माझी धारणा. इतक्या वर्षांत ती पक्कीच होत गेलीय. दुसरं वाक्य त्यांनी झरझर लिहिलं. पहिलं सुचेना, म्हणून मी चित्र काढलं. गुदाशयाभोवती चरबी, चरबीभोवती पातळ पडदा. सर्जन त्या पडद्याच्या कडेनं कापतात; रिपोर्टातला ‘सीआरएम’ म्हणजे ही कापायची कड. गाठ आणि पडदा यांत अंतर दीड मिलिमीटर, एवढंच ‘थ्रेटन्ड’ हा शब्द सांगत होता.

काका चित्राकडे बघत राहिले. मीही गप्प बसले. अशा वेळी गप्प बसणं मी सावकाश शिकलेय. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पडद्यावर हद्दीच्या खुणा केल्या.

“ही हद्द. बांधकाम हद्दीच्या अगदी जवळ आलंय. म्हणून आधी रेडिएशन-केमो देऊन ते मागे सरकवायचं, मग काढायचं. असं?”

“अगदी असंच.”

“मग हा मोजणीचा नकाशा आहे, मॅडम. कोर्टाचा निकाल नाही.”

मी त्यांच्यासाठी शब्द शोधत होते आणि ते त्यांच्याकडे नोकरीभर होते. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला आधी त्याचं काम विचारते.

काकांच्या मुलीची काळजी वेगळी होती. तिनं रेडिओमिक्सविषयी वाचलं होतं. एमआरआयच्या करड्या छटांतून संगणक शेकडो आकडे काढतो आणि त्यांवरून गाठीतले जनुकीय बदल, उपचारांना मिळणारा प्रतिसाद यांचा अंदाज बांधतो. काम खरं आहे, आशादायकही आहे. पण मशीन बदललं, गाठीची बाह्यरेषा दुसऱ्यानं आखली, की आकडे हलतात. काका लगेच म्हणाले, “जुनी शंकूसाखळी आणि ईटीएसचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, दोन्हींची मोजणी कुठं जुळते?”

म्हणून गाठीचा स्वभाव आजही बायोप्सीच्या तुकड्यावरच ठरतो, आणि तो विचारायलाच हवा. डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या गाठी थोड्याच असतात, पण न्यूयॉर्कच्या २०२२च्या अभ्यासात अशा पहिल्या १२ रुग्णांची गाठ केवळ इम्युनोथेरपीनं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीशी लढायला लावणाऱ्या औषधानं, दिसेनाशी झाली होती. डॉक्टरांना विचारा: पडद्यापासून अंतर किती? गाठीबाहेरच्या शिरांत शिरकाव आहे का? डीएनए दुरुस्तीतला हा बिघाड शोधणारी एमएसआय तपासणी झाली का? ‘किती दिवस’ हाही प्रश्न विचारा, पण डॉक्टरांना. रात्री दोन वाजता रिपोर्टला नको.

रेडिएशन-केमोनंतर पुन्हा एमआरआय झाला. काकूंनी सांगितलं, काकांनी खुर्चीत बसायच्या आधीच डॉक्टरांना विचारलं, “हद्द किती सुटली?”