'मी तुला क्षमस्व' म्हणजे नक्की कोण कोणाला?

प्रश्न असा आलाय की धाकट्या जावेशी वाजलंय, आता मोठ्या मनानं तिला माफ करायचंय, तर मेसेजमधे 'मी तुला क्षमस्व' लिहायचं की 'तुला क्षमस्व केले'?

दोन्ही नको. अहो, क्षमस्व म्हणजे 'क्षमा कर'. आज्ञार्थ आहे तो, समोरच्याला म्हणायचा. 'मी तुला क्षमस्व' पाठवलंत की माफी तुम्हीच मागितलीत, जाऊबाई खूश. आमच्या सांगलीत तर रस्ता खणला की बोर्ड लागतो 'आम्ही क्षमस्व आहोत', म्हणजे आम्ही 'माफ कर' आहोत! दिलगीर आहोत म्हणा की, चांगला शब्द धूळ खात पडलाय.

त्यात काही विद्वान सांगत सुटलेत की क्षम अधिक स्व, म्हणजे स्वतःला क्षमा करणे. डोकं धरलं मी. तो स्व नुसता प्रत्यय आहे हो. गीतेच्या 11व्या अध्यायात 'यशो लभस्व' आहे, तिथं काय स्वतःला मिळव असा अर्थ लावणार?

आता अध्याय निघालाच आहे तर खरी गंमत सांगतो. विश्वरूप बघून अर्जुनाची तंतरलीय, आणि त्याला आठवतं काय, तर आपण ह्याला अरे कृष्णा, अरे यादवा करत होतो, खेळताना जेवताना चेष्टा करत होतो. मग म्हणतो 'तत्क्षामये त्वामहमप्रमेयम्'. क्षामये! हे प्रयोजक रूप आहे, क्षमा करतो नाही, तुझ्याकडून क्षमा करवून घेतो, म्हणजे मागतो. आता हेच प्राकृतात न्या, क्षचा ख, काय मिळालं? खामेमि. गुजराती-मारवाडी जैन शेजारी संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या, क्षमा मागायच्या दिवशी म्हणतात ते 'खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे'. आणि दरवर्षी फॉरवर्डमधे अर्थ काय येतो, तर 'मी सर्व जीवांना क्षमा करतो'. साफ चूक. मी सगळ्यांकडं क्षमा मागतो, सगळ्यांनी मला करावी, असं आहे ते. मग 'मित्ती मे सव्वभूएसु', सगळ्यांशी मैत्री, आणि 'वेरं मज्झ न केणइ', वैर कुणाशीच नाही. आधी मागणं, वैर सुटतं ते त्याच्या मागनं. माझं तर मत आहे की हा क्रम मुद्दामच ठेवलाय. वरनं खाली दान टाकल्यासारखी क्षमा करायची सोयच नाही त्यात, 'क्षमा वीरस्य भूषणम्'वाल्यांनी हे एकदा नीट वाचावं.

यावर कुणीतरी दिगंबर जैनांचा पाठ काढणार हे मला माहितीय, सांगलीत काढणारच. मूलाचारात, म्हणजे त्यांच्या मुनींच्या आचारग्रंथात, 'खमामि सव्वजीवाणं' आहे, तिथं खरंच 'मी क्षमा करतो' असा अर्थ आहे, मान्य. पण म्हणून दोन्ही पाठांना एकच भाषांतर चिकटवायचं? एका काना-मात्रेचा फरक आहे आणि देणारा-मागणारा बदलतोय! दशलक्षणात, म्हणजे दिगंबरांच्या दहा दिवसांच्या पर्वात, पहिला दिवस उत्तम क्षमेचा, तेव्हा व्याख्यानात ह्यावर कुणी बोललं तर ऐकायला मी पहिल्या रांगेत.

काना-मात्रेवरनं मी एवढा चिडतोय म्हणून कुणी टोमणा मारायच्या आत सांगून टाकतो, पूजा संपताना आम्ही शुद्धलेखनवालेपण हात जोडून 'यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं च यद्भवेत्' म्हणतोच, अक्षर गळलं मात्रा गळली ते सगळं 'क्षम्यतां देव'. तेव्हा बोर्ड रंगवणाऱ्याला सोडला एकवेळ. विद्वानांना नाही.

हां, आणि संवत्सरीलाच 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतात, त्यातलं 'मिच्छामि' एकत्र लिहून त्याचं क्रियापद करू नका, इच्छामिचा भाऊ नाही तो. मिच्छा मि दुक्कडं, तीन शब्द, मिथ्या मे दुष्कृतम्, माझं वाईट कृत्य फोल ठरो. त्यात क्षमा हा शब्दच नाही.