लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगसाठी ७० हजारात पीसी असेंबल करायचाय, आय फाइव्ह घ्यावा की आय सेव्हन?

आय फाइव्ह की आय सेव्हन ते नंतर बघू. तुम्ही प्रश्नात दुकानदाराचं जे कोटेशन टाकलंय त्यात प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळ्यांची नावं आहेत आणि सगळ्यात शेवटी नुसतं 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. एसएमपीएस म्हणजे मशीनच्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. कंपनी नाही, मॉडेल नाही, वॅटसुद्धा नाही. ही ओळ वाचली म्हणून लिहायला बसलो, कारण ह्याच ओळीपायी आमच्या दाजींनी एका गिऱ्हाईकाच्या लग्नाचं सगळं शूटिंग जवळपास घालवलं होतं.

दाजींचा तालुक्याच्या गावाला स्टुडिओ आहे, एडियस ह्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर मिक्सिंग करतात. मशीन घेताना कोटेशन मला व्हॉट्सॲपवर पाठवलेलं. मी तेव्हाच सांगितलं की आरटीएक्स ३०६० सारखं ग्राफिक्स कार्ड लावताय तर एसएमपीएस वेगळा, चांगल्या कंपनीचा घ्या, दोन-तीन हजारांचा फरक पडेल. दुकानदार म्हणाला आम्ही सगळ्यांना हाच देतो, कुणाची तक्रार नाही. दाजींना त्याचं पटलं, आणि वाचलेल्या पैशात मॉनिटर मोठा आला.

त्यानंतर भाच्याने गेम लावला की मशीन पटकन बंद होऊन रिस्टार्ट. दाजी पोराला ओरडणार, दुकानदार म्हणणार गेममुळे व्हायरस आलाय, आणि फॉरमॅट मारून देणार. असं चालू होतं. दिवाळीत गेलो तेव्हा मी कॅबिनेटची साइड उघडून बघितली. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट, आणि खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट झाले. हल्लीच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जवळपास सगळं १२ व्होल्टवरूनच घेतात. ३०६० एकटंच १७० वॅटचं, आणि त्यांचा आय फाइव्ह १२४००एफ पूर्ण ताणला तर ११७ पर्यंत जातो. बाकीचे वॅट होते ते ५ आणि ३.३ व्होल्टवर, कार्ड-प्रोसेसरला त्यांचा उपयोग शून्य. शिवाय त्या एसएमपीएसला कार्डाची आठ पिनांची वायरच नव्हती, जुन्या हार्ड डिस्कच्या दोन वायरींना कन्व्हर्टर जोडून काम भागवलेलं आणि त्या कन्व्हर्टरचं पांढरं प्लॅस्टिक पिवळ्या वायरीपाशी तपकिरी पडलेलं. दाजींना बोट लावून दाखवलं. ते म्हणाले लग्नसराई झाली की बघू.

मे महिन्यात एका हायलाइटचा एक्सपोर्ट चालू असताना फट्कन आवाज आला आणि खोलीभर जळका वास. मदरबोर्ड गेला, आणि ज्या हार्ड डिस्कवर हळदीचं आणि सीमांतपूजनाचं रॉ फुटेज होतं ती फिरायचीच बंद झाली. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या ऑर्डरसाठी फॉरमॅट झालेली. हार्ड डिस्क मी पुण्याला रिकव्हरीवाल्याकडे घेऊन गेलो. डिस्कच्या हिरव्या प्लेटवर जास्तीचं व्होल्टेज आलं तर स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं वाचवणारा तांदळाच्या दाण्याएवढा एक डायोड असतो, तो गेलेला. त्याने तो काढला आणि डेटा आला. बिल झालं ते चांगल्या एसएमपीएसच्या तिप्पट.

आणि इतकं होऊनही दाजी आजही चारचौघांत सांगतात की लाइटीने गेलं. नाही गेलं लाइटीने. आपल्याकडे लाइट कमीजास्त होते हे खरं, पण बऱ्या एसएमपीएसला बहुधा १०० ते २४० व्होल्ट चालतात, आणि व्होल्टेज चढलं, करंट वाढला, शॉर्ट झालं तर तो स्वतः बंद पडतो, पुढच्या पार्टला हात लावू देत नाही. तेवढ्याचेच तर पैसे असतात. त्याच गल्लीत त्याच लाइटीवर झेरॉक्सवाल्याचे दोन पीसी निवांत चालू होते.

तर तुमचं. एडियसवर काम करणार असाल तर आय फाइव्ह १२४०० किंवा १४४०० बास आहे, फक्त नावापुढे एफ नको. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे व्हिडिओ भराभर बनवून देणारं इंटेलचं क्विक सिंक नाही, आणि एडियसची बरीच व्हर्जन्स एच.२६४ ह्या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटसाठी त्याच्यावर टेकलेली असतात. दुकानदार हजार-दीड हजार वाचवून देतो आणि तुम्ही प्रत्येक एक्सपोर्टला बसून राहता. तुमच्या कोटेशनमध्ये पण एफच आहे, बदलून घ्या. दुसऱ्या दुकानात ह्याच पैशात 'आय सेव्हन' देतायत म्हणालात, त्याला आधी जनरेशन विचारा. बाजारात आय सेव्हन ३७७० वाले भरपूर सेट फिरतायत, ते २०१२ चं, तिसऱ्या जनरेशनचं मॉडेल, चार कोअरचं. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून पुढे चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला. नुसत्या आय सेव्हन नावाला काही अर्थ नाही.

रॅम ३२ जीबी पाहिजेच, पण २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव चढवून ठेवलेत, त्यामुळे आत्ता १६ ची एकच पट्टी घ्या आणि स्लॉट मोकळा ठेवा. विंडोज आणि चालू प्रोजेक्ट एनव्हीएमई एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा खूप फास्ट डिस्क), रॉ डेटा हार्ड डिस्कवर, आणि त्याची दुसरी कॉपी मशीनच्या बाहेर. एसएमपीएस ५५० वॅट, ब्रॉन्झ, पाच वर्षं वॉरंटीवाला. आता ब्रॉन्झ म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचा शिक्का आहे, आतला माल भारी असेलच असं नाही, म्हणून कंपनी पण बघा आणि १२ व्होल्टचा रकाना स्वतः वाचा. रंगीत लाइटचे आरजीबी पंखे, काचेचं कॅबिनेट ह्याला एक रुपया घालू नका, गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन जातं, कॅबिनेट बघायला येत नाही. यूपीएस ६०० व्हीएचा असतो तो साधारण ३६० वॅटचाच असतो, कार्ड असेल तर ११०० व्हीए घ्या.

हे सगळं एडियस धरून लिहिलंय. दा व्हिंची हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणार असाल तर पैसे प्रोसेसरपेक्षा कार्डात घाला. आणि अर्थिंग तपासून घ्या, दाजींच्या स्टुडिओत ते नव्हतं हे खरंय, कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. अर्थिंग नसेल तर चांगल्या एसएमपीएसला पण तसं होतं, कारण त्याच्या फिल्टरचा थोडा करंट कॅबिनेटवर येतो आणि त्याला जायला वाट नसते. पण झिणझिण्या वेगळ्या आणि १६८ वॅटवर पावणेतीनशेच्या वर वॅटचा लोड टाकणं वेगळं, बोर्ड अर्थिंगने जळला नाही. नवीन बोर्डासोबत मी ५५० चा एसएमपीएस बसवला, कार्ड आणि प्रोसेसर वाचले होते तेच ठेवले, वायरिंग त्यांचं तेच जुनं, आणि त्यानंतर मशीन एकदाही आपोआप रिस्टार्ट झालेलं नाही, भाचा गेम खेळतो तरीही.

दुकानदाराकडून एसएमपीएसचं मॉडेल लिहून घ्या आणि इथेच खाली टाका, मी बघून सांगतो. 'आम्ही सगळ्यांना हाच देतो' म्हणाला तर दुसरं दुकान बघा.