पोट भरलंय, तरी डब्यात हात का जातो?

प्रश्न : रात्री जेवण झालेलं असतं, तरी ओटा आवरताना फरसाणाचा डबा उघडला जातोच. दुपारचा डबा अर्धा परत येतो, साहेबांचे मेसेज रात्रीही चालू. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, इच्छाशक्तीवर खापर फोडू नका. खरी भूक हळूहळू वाढते आणि भाजी-भाकरीवरही भागते. ही भूक अचानक येते आणि तिला शेवच हवी असते! ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) वाढतं, तेलकट-गोडाची ओढ लागते. झोप कमी पडली तर भूक वाढवणारं घ्रेलिनही वाढतं. त्यात दिवसभर अर्धपोटी राहिलात, तर शरीर रात्री वसुली करणारच.

आठवडाभर डबा उघडण्याआधी कॅलेंडरच्या मागे दोनच गोष्टी लिहा : शेवटचं कधी खाल्लं आणि आत्ता काय घडलं. साहेबांचा मेसेज तिथे वरचेवर दिसेल, असा माझा अंदाज. दुपारचा डबा मात्र संपवाच. फरसाण बंद करू नका, बंदी फार टिकत नाही. वाटीत काढून, बसून खा. खाताना ताबाच सुटत असेल किंवा नंतर मुद्दाम उलटी काढावीशी वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना लवकर भेटा.