सोशल मीडियावर कुणाला अगदी छोटी टिप बिटकॉइनमध्ये पाठवली, तर सगळी फीमध्येच जाते का?

थेट मुख्य ब्लॉकचेनवरून (बिटकॉइनचे व्यवहार ब्लॉकच्या साखळीत नोंदवणाऱ्या सार्वजनिक वहीवरून) पाठवली तर बहुतेक वेळा हो, पण तिच्यावर उभारलेल्या लाइटनिंग नेटवर्कवरून पाठवली तर नाही. मुख्य साखळीवरची फी रकमेवर ठरत नाही. व्यवहाराचा डेटा ब्लॉकमध्ये किती जागा घेतो आणि त्या वेळी गर्दी किती आहे, यावर ठरते. म्हणून मोठ्या रकमेला जी फी नगण्य वाटते, तीच छोट्या टिपेपेक्षा जास्त भरते. लाइटनिंगमध्ये दोघांमध्ये एक चॅनेल उघडलं जातं, देवाणघेवाण त्यातच होते आणि साखळीवर नोंद फक्त चॅनेल उघडताना आणि बंद करताना होते. समोरच्याशी थेट चॅनेल नसलं तरी मधल्यांमार्फत रक्कम काही सेकंदांत पोचते. त्यामुळे काही सातोशीसुद्धा पाठवता येतात (एका बिटकॉइनचे 10 कोटी सातोशी). नॉस्टर या खुल्या सोशल नेटवर्कवरच्या 'झॅप' नावाच्या टिपा याच पद्धतीने चालतात, आणि ट्विटरनेही 2021 मध्ये टिपसाठी हीच सोय आणली होती.

मात्र टिप देणारे बरेच बॉट (आपोआप काम करणारे प्रोग्राम) आणि सोपी वॉलेट तुमची नाणी स्वतःच्या ताब्यात ठेवतात. रेडिटवरचा डोजटिपबॉट 2017 मध्ये बंद पडला, तेव्हा त्यात लोकांनी ठेवलेले डोजकॉइन (बिटकॉइनसारखंच दुसरं डिजिटल चलन) बुडाले. तेव्हा मिळालेली टिप तिथे साठू देऊ नका. थोडी जमली की, ज्याची गुप्त किल्ली (प्रायव्हेट की) तुमच्याकडे आहे अशा वॉलेटमध्ये हलवा.