प्रेक्षकाला आधी सांग

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि संहितेचा दुसरा खर्डा, दोन्ही मिळालं. खर्डा दोनदा वाचला. 'ताई, माझं नाटक १९५५ सालीच होऊन गेलंय' हे तुझं वाक्य वाचून जीव कळवळला, आणि लगेच रागही आला. त्या सालचा तमिळ चित्रपट 'मिस्सियम्मा' अख्खा बघितलास आणि तुला त्यात एवढंच दिसलं, की गोष्ट तुझ्यासारखीच आहे?

गोष्ट सारखी निघाली म्हणून हातपाय गाळू नकोस. तुझ्या नाटकात खोली फक्त लग्न झालेल्यांना मिळते, म्हणून दोघं नवरा-बायको असल्याचं सांगतात. तिथे खेड्यातल्या जमीनदाराला त्याच्या शाळेसाठी शिक्षक जोडपंच हवं असतं, म्हणून बेकार बालू आणि कर्जाने गांजलेली मेरी जोडपं होऊन जातात. ती ख्रिश्चन, पण तिथे हिंदू बायको म्हणून वावरते. हा विषय चित्रपट करणाऱ्यांचाही स्वतःचा नव्हता. मूळ बंगाली नाटक, रवींद्रनाथ मैत्र यांचं 'मानमयी गर्ल्स स्कूल'. निर्माते-लेखक चक्रपाणींनी त्यावरून पटकथा बांधली आणि दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद यांनी तेलुगू आणि तमिळ असे दोन चित्रपट बरोबरीने केले. दोन वर्षांनी प्रसादांनीच तो हिंदीत 'मिस मेरी' म्हणून आणला. एकाच माणसाने एकच गोष्ट तीन भाषांत सांगितली, आणि तिन्ही वेळा लोकांनी ती आपली मानली. हे प्रसाद तरुणपणी आपल्या मुंबईतच पडेल ते काम करत सिनेमा शिकले. 'आलम आरा'त छोटं काम केलं, पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' मुंबईत झाला त्यातही केलं. विषय नवा की जुना याची चिंता त्यांनी केली नाही, तू कशाला करतेस?

तुझं घोडं अडलंय ते दुसरीकडेच. ती दोघं नवरा-बायको नाहीत हे तू शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत दडवून ठेवलंयस. पत्रात त्याला 'धक्का' म्हणतेस, त्याखाली रेघही मारलीस. ती रेघ खोडून टाक. प्रेक्षकाला आधी सांग. पहिल्याच प्रवेशात सांग.

'मिस्सियम्मा' पुन्हा लाव आणि एक गोष्ट बघ. बालू-मेरीचं लग्न खोटं आहे हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत असतं. जमीनदाराची थोरली मुलगी लहानपणी हरवलीय आणि शाळा तिच्याच नावाने चालते, हेही कळतं. मेरी कोण असणार याचा अंदाज साध्यातल्या साध्या प्रेक्षकाला फार आधी येतो. मग राहिलं काय लपवायला? हरवलेल्या मुलीच्या उजव्या पायावर तीळ आहे, एवढ्या खुणेवर जमीनदाराचा भाचा राजू शोध घेत फिरतो. आता बघ, हे गुप्तहेराचं काम त्यांनी कोणाला दिलंय! तमिळमध्ये के. ए. तंगवेलू, हिंदीत किशोर कुमार. तेलुगूत अक्किनेनी नागेश्वर राव यांच्यासारखा मोठा नायक, पण त्यालाही हसवायलाच लावलं. रहस्य उलगडायचं काम त्यांनी विनोदी पात्राच्या हातात दिलं, कारण त्या रहस्यावर त्यांचं नाटक उभंच नव्हतं.

ते कशावर उभं आहे हे त्या चंद्राच्या गाण्यात दिसतं. रात्रीची वेळ, टिपूर चांदणं. कॅमेरा मार्कस बार्टली यांचा, आणि चांदणं टिपावं तर त्यांनीच. एका घरात राहून दोघांचं धड बोलणं नाही. बालू चंद्राला बोलावतो, ये, आमची कहाणी ऐक म्हणतो, आणि बायकोची गाऱ्हाणी सुरू करतो. आवाज ए. एम. राजांचा. मग पी. लीलांच्या आवाजात मेरी आपली बाजू मांडते. थांब इथे. नवऱ्याने बायकोबद्दल करावी तशी तक्रार तो करतोय, आणि ती त्याची बायको नाहीच. हे आपल्याला माहीत आहे, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा ऐकू येते. एकदा सोंग म्हणून, आणि एकदा सोंगाच्या आडून हळूच खरं होत चाललेलं काहीतरी म्हणून. ती खरीच नवरा-बायको आहेत असं आपण समजून बसलो असतो, तर ते नेहमीच्या रुसव्याफुगव्याचं गाणं झालं असतं, आणि गोड वाटून विसरलो असतो. हिंदीत हाच प्रसंग 'ओ रात के मुसाफिर' झाला. तुझ्या आजीला पाठ असेल, विचार तिला.

तुझ्या दुसऱ्या अंकात असा प्रसंग आहे, माहितीय का तुला? घरमालकीण दोघांना हळदीकुंकवाच्या दिवशी जोडीने पाया पडायला लावते. काय सुरेख लिहिलंयस! ती वाकताना आधी पदर सावरते, मग हाताने त्याचा सदरा ओढून त्याला खाली वाकवते. मी वाचताना थांबले तिथे. पण प्रेक्षकाला माहीतच नाही की हे लग्न खोटं आहे, तर तो काय बघणार? एक जोडपं पाया पडलं, एवढंच. सोनं हाती असताना तू मूठ झाकून बसलीयस. उघड ती!

तू लिहितेस की मुख्य मुलगी नाटक सोडून गेली आणि तिच्या जागी घेतलेली घाबरलीय. मेरीची भूमिकाही आधी दुसऱ्याच नटीकडे, भानुमतींकडे होती. काही भाग चित्रित झाल्यावर निर्मात्याशी बिनसलं, त्या बाहेर पडल्या, आणि जमीनदाराच्या धाकट्या मुलीच्या, सीतेच्या भूमिकेसाठी घेतलेली सावित्री मेरी झाली. सीता जमुनाकडे आली. विशीच्या आसपासची पोर होती सावित्री. बालू सीतेला गाणं शिकवू लागतो तेव्हा तिचा चेहरा बघ. तिला राग आलाय, आणि राग यायचा आपल्याला हक्क नाही हेही तिला कळतंय. हे दोन्ही ती खेळू शकली, कारण समोरच्या लोकांना ते आधीच ठाऊक होतं. तुझ्या मुलीला तू असं काही खेळायला दिलंयस का?

हे मी तावातावाने लिहितेय त्याला कारण आहे. माझं दोन अंकी नाटक आलं तेव्हा मी तुझ्यापेक्षा फार मोठी नव्हते. घरात विधवा वहिनी म्हणून राहणारी बाई खरं तर त्याच माणसाची बायको असते, आणि हे मी शेवटच्या प्रवेशापर्यंत लपवलं होतं. तालमीत त्या नटीने मला विचारलं, "ताई, मी काहीतरी लपवतेय हेच लोकांना माहीत नाही, तर मी लपवतेय ते त्यांना दिसणार कसं?" मी सगळ्यांसमोर तिला झापलं. म्हणाले, तू तुझी वाक्यं पाठ कर, नाटक मी बघते. अकरा प्रयोग झाले. एका मध्यंतरात चहाच्या रांगेत माझ्या पुढची बाई मैत्रिणीला म्हणाली, "ह्या बाईत जीव गुंतेना बाई, काय चाललंय तिचं तेच कळत नाही." मी चहा न घेताच विंगेत परत गेले. त्या नटीने पुढे काम सोडलं. तिची माफी मागायला मी पुष्कळदा फोन उचलला आणि खाली ठेवला. आता ती कुठे असते, ठाऊक नाही.

त्यानंतर मी प्रेक्षकापासून कधी काही लपवलं नाही. एका मालिकेत दोनशे भागांनंतर अचानक हरवलेला जुळा भाऊ आणायला सांगितलं, मी नाही म्हटलं, काम गेलं. पुढची दोन वर्षं घरात ओढाताण झाली. मला हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणोत. त्या नटीचा प्रश्न मी एकदा मोडून काढला होता, दुसऱ्यांदा मोडायला माझा हात उठला नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. मेरी अखेर जमीनदाराचीच मुलगी निघते, म्हणजे जन्माने हिंदू. सगळ्यांची सोय झाली, चित्रपटाने पळ काढला, असं तू म्हणतेस. काढला. १९५५ सालच्या मोठ्या निर्मितीला ख्रिश्चन मुलीचं हिंदू मुलाशी लग्न सरळ लावून द्यायचं धाडस झालं नाही, हे मी झाकणार नाही. पण आपल्याला कळतं ते मेरीला कुठे ठाऊक असतं? ती चंद्राशी भांडते ती मेरी म्हणून, सीतेवर जळते ती मेरी म्हणून. जीव लावून मोकळी होते तेव्हाही ती मेरीच असते, तीळ कोणी बघितलेला नसतो. हे आपल्याला दिसतं, कारण आपल्याला आधी सांगितलंय. शेवटी आयत्या वेळी कळलं असतं तर तिचं सगळं प्रेम तिच्या जन्माच्या खात्यावर जमा झालं असतं. तुझ्या शेवटात ती दोघं लग्न करतात की नाही हे तू ठरव, माझा त्यात शब्द नाही. ठरवशील ते प्रेक्षकाला सगळं माहीत आहे असं धरून ठरव.

आणि संहितेत 'धक्का' हा शब्द मला पुन्हा दिसता कामा नये.

रविवारी सकाळी ये. नव्या मुलीलाही आण, तिच्याशी मला बोलायचंय. शेवट तसाच राहू दे, नवा लिहिलेला पहिला प्रवेश तेवढा घेऊन ये.

तुझी,
ताई